तिवारीची नात

सुभागी फुआचा कोणावरच विश्वास नव्हता. हवनासाठी कोणी तूप आणलं की आधी हुंगायची, मग तळहातावर चोळायची आणि तरीही विचारायची, "डालडा किती घातलाय?" समिधा आल्या तर काड्या मोडून बघायची. वर्गातल्या एखाद्याने मंत्र बिनचूक म्हटला तर त्याला दाराबाहेर उभं करून तिथून पुन्हा म्हणायला लावायची. समोर बसलेली पोरं आपल्या ओठांकडे बघून म्हणतात, असं तिचं ठाम मत. भिंतीपलीकडून आला तरच मंत्र खरा.

आमच्या कोरोवाईत याचं कोणाला काही वाटत नव्हतं, कारण आम्ही सगळीच संशयी माणसं. आमचे आजे-पणजे इथे आले तेच एका गोडबोल्याच्या नादाने. कलकत्त्याच्या पलीकडेच एक बेट आहे, तिथे साखर चाळायचं हलकं काम आहे, असं सांगून दलालाने त्यांना जहाजात बसवलं. ते उतरले फिजीत, उसाच्या फडात, पाच वर्षांच्या गिरमिटावर, म्हणजे मजुरीच्या करारावर. तेव्हापासून कोणी फार प्रेमाने बोलायला लागलं की आमच्याकडे विचारतात, "जहाज कुठे उभं केलंयस?"

फुआ म्हणजे आत्या. ती सगळ्या वस्तीची फुआ होती. लंबासाच्या गिरणीकडे जाणाऱ्या उसाच्या गाडीच्या रुळांलगत आमच्या वेद शिक्षा सभेचा पत्र्याचा हॉल आहे. रविवारी सकाळी तिथे हवन, मग फुआचा वर्ग. तिला पगार नव्हता, पोरांना फी नव्हती. ज्याच्याकडे तांदूळ, त्याने तांदूळ द्यावा. ज्याच्याकडे नसेल, त्याने हॉल झाडावा. स्वयंपाकाचं मी बघायचे. डाळ, पुऱ्या, भोपळ्याची भाजी, सैना, म्हणजे अळूवडी. जेवणं झाली की पुरुष मागच्या ओसरीवर नंगोन्याचं, मुळी कुटून पाण्यात कालवलेल्या त्या मातकट, गुंगीच्या पेयाचं, लाकडी भांडं घेऊन बसायचे. फुआ तिथून जाताना म्हणायची, "वेदात सोम आहे रे, हा चिखल नाही," आणि पुरुष मान खाली घालून आणखी एक करवंटी भरून घ्यायचे.

तिला वेद दिला तिच्या आजाने. रामसमुझ तिवारी. हॉलमध्ये त्याचा हार घातलेला फोटो होता. सरयूकाठच्या पाठशाळेत शिकलेला, गिरमिटात अडकून इथे आलेला पंडित, अशी त्याची ख्याती. त्याच्या मुलांना ऊसतोडीतून सवड नव्हती, म्हणून त्याने नातीला समोर बसवलं. पुढे बाईने यज्ञकुंडापाशी बसायचं का, यावर थोडी कुजबुज झाली, पण "तिवारीची नात आहे" म्हटलं की तोंडं बंद व्हायची. कोरोवाईतली लग्नं तिने लावली, बारशी तिने केली, चितेपाशीही तीच उभी राहिली.

तिचा नवरा लष्कराच्या बंडानंतर सिडनीला गेला, सहा महिन्यांसाठी म्हणून, आणि तिथलाच झाला. ती त्यावर एवढंच बोलायची, "आजा पाच वर्षांसाठी आला, हे सहा महिन्यांसाठी गेले. आमच्या घरात परतीचं तिकीट लागू पडत नाही."

तीच ती वर्षं. निम्मी वस्ती ऑस्ट्रेलियाला नाहीतर न्यूझीलंडला निघाली होती. उरलेले एकमेकांच्या ट्रंका बघत बसले होते, आता कोण जातो म्हणून. सभेचा परधान बिंदेसरी, ट्रकवाला, त्याला वाटलं की फुआनंतर शिकवायला कोणी उरणार नाही. त्याने हिंदुस्थानातल्या एका मोठ्या संस्थेकडे शिक्षक मागितला. फुआला कळलं तेव्हा ती त्याला म्हणाली, "मी मरायच्या आधीच माझ्या जागेवर माणूस? निदान अंग थंड तरी होऊ दे."

"फुआ, मदतीला येतोय तो."

"दलालही मदतीलाच आला होता."

आचार्य सुधन्वा आले ते या हवेत. पस्तिशीचे, काटक, कमी बोलणारे. सोबत एक पितळी लोटा, दोन जोड कपडे आणि एक टेपरेकॉर्डर. हॉलच्या मागच्या खोलीत त्यांची सोय केली होती. सकाळी उठून ते हॉलभोवती फेऱ्या मारायचे. मोजून पावलं टाकायचे, मध्येच उलटे फिरायचे, पुन्हा पुढे यायचे, आणि ओठ सारखे हलत असायचे. रविवारी फुआ मंत्र म्हणायला लागली की टेप चालू करायचे. कशासाठी, ते सांगत नव्हते.

आठवडाभरातच बिंदेसरी माझ्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. ज्याला त्यानेच बोलावलं होतं त्याचाच त्याला आता संशय येत होता.

"भौजी, तो जागा मोजतोय."

"कसली जागा?"

"हॉलची. पावलं मोजतो, आकडे पुटपुटतो, मी झुडपाआडून बघितलं. एवढी मोठी संस्था, फुकट माणूस कशाला पाठवेल? आधी माणूस येतो, मग पाटी येते, मग आपण आपल्याच हॉलच्या बाहेर. तू त्याला जेवायला वाढतेस ना? काय बोलतो ते बघ."

"तो बोलतच नाही. डाळ लागली तर वाटी पुढे करतो."

"बघ. न बोलणारा माणूस," बिंदेसरी म्हणाला आणि सगळं सिद्ध झाल्यासारखा निघून गेला.

खरं सांगायचं तर मीही बघत होते. एकदा झाडायच्या निमित्ताने त्यांच्या खोलीत गेले. टेपा ओळीने लावलेल्या होत्या आणि प्रत्येकीवर फुआचं नाव होतं. मला ते बरं वाटलं नाही. बाईचा आवाज असा डब्यात भरून ठेवायचं काय कारण?

मग तो रविवार आला. फुआ सहा मंत्रांचं एक सूक्त शिकवत होती. मन चांगल्या संकल्पाचं राहो, असं मागणारं ते सूक्त. आमच्याकडे ते झोपताना म्हणतात, आणि आजाच्या काळापासून चितेपाशीही म्हणतात. आमच्यात तिसऱ्या मंत्रानंतर एक लांब स्वर येतो. 'हौऽऽ' असा, खालून वर चढत जाणारा. त्या स्वराला सगळे डोळे मिटतात. पोरांनी तो काढला, पत्र्याखाली घुमला, आणि शेवटचा मंत्र सुरू झाला.

आचार्यांनी टेप बंद केली. "माताजी, एक विचारू?"

"मी तुमची माता कधी झाले? विचारा."

"हा मधला हौऽऽ कुठून आला?"

"आजाकडून."

"आणि चौथा, पाचवा मंत्र?"

"हेच आहेत ना. पहिले तीन, हौऽऽ, आणि शेवटचा."

"सूक्त सहा मंत्रांचं आहे, असं तुम्हीच मघाशी म्हणालात."

फुआचा चेहरा मी त्याआधी कधी तसा पाहिला नव्हता. तिने शांतपणे सांगितलं, "आजाची परंपरा अशी आहे." आचार्य म्हणाले, "असेल. मी कुठे ऐकली नाही, एवढंच." आणि त्यांनी विषय सोडला. पण तो सोडून चालणार नव्हता. मागच्या ओसरीवर त्या दुपारी नंगोनाही कोणी धड प्यायलं नाही. बिंदेसरी ज्याला त्याला सांगत होता, "बघितलंत? आधी खोट काढायची, मग खुर्ची काढायची."

सगळ्यांना वाटलं फुआ चिडली असणार. दुसऱ्या दिवशी ती माझ्याकडे आली तेव्हा चिडलेली नव्हती. मी कसाव्याचे कंद सोलत बसले होते. तिने सुरी घेतली आणि माझ्याबरोबर सोलायला बसली.

"कलौती, तुला आजा आठवतो?"

"थोडा. मी लहान होते."

"त्याला शेताच्या टोकाला मुंगूस दिसायचं. पण पोथी समोर धरली की म्हणायचा, डोळे गेले. मी एकदा विचारलं होतं, आजा, सहा म्हणतोस आणि चारच शिकवतोस. तर त्याने माझ्या हातात असाच कसावा दिला आणि म्हणाला, सोल. मी पुन्हा विचारलं. पुन्हा कसावा. तिसऱ्यांदा मी विचारलं नाही."

"का?"

"पोरगी होते, पण मूर्ख नव्हते." ती थोडा वेळ सोलत राहिली. "जगातल्या प्रत्येक माणसाचं तूप मी हुंगलं. एकाचंच नाही."

आजाचे सुरुवातीचे दिवस माहीत असलेलं माणूस आता एकच उरलं होतं. बतासी नानी. तिचा बाप आणि रामसमुझ एकाच जहाजातून आलेले. ती डोंगरापलीकडे नातुआच्या बाजूला मुलाकडे राहायची. आम्ही दोघी बसने गेलो. बाजूचे पडदे गुंडाळलेले, उसाची राख उडत होती, आणि वाटभर फुआने तोंडाला पदर लावला होता. राखेमुळे की कशामुळे, ते मी विचारलं नाही.

बतासी नानी ऐंशीच्या घरातली. व्हरांड्यात बाजेवर बसून शेंगा सोलत होती. आम्हाला बघताच तिने टोपली आपल्या बाजूला ओढली.

"कोण?"

"रामसमुझची नात. सुभागी."

"मग इतकी वर्षं कुठे होतीस?"

"विचारायला आलेय, नानी."

"विचारायला कोणी येत नाही. लोक मागायला येतात. जमीन मुलाच्या नावावर आहे. मला काही विचारू नका."

"जमीन नको. आजाबद्दल सांग. तो पाठशाळेत होता का?"

"होता की."

फुआने श्वास सोडला.

"गाई राखायला," नानी म्हणाली आणि शेंग तोंडात टाकली.

मी फुआकडे बघायचं टाळलं. नानी आपल्या लयीत सांगत गेली. रामसमुझ अहिराचा पोर. पाठशाळेच्या गोठ्यात कामाला. भिंतीच्या एका बाजूला गाई, दुसऱ्या बाजूला विद्यार्थी. पहाटेचा पाठ सुरू झाला की हा शेण काढता काढता ऐकायचा. कान असा की एकदा ऐकलं ते बसलं. पण रोज त्याच सुमाराला गाई सोडायची वेळ व्हायची.

"मग हा 'हौऽऽ' करत त्यांना फाटकाबाहेर काढायचा, नदीकडे लावून द्यायचा. दावी ठेवायला परत यायचा तोवर तिकडे शेवट चाललेला. मधलं त्याला कधी मिळालंच नाही. माझा बाप हसायचा. म्हणायचा, आमचा पंडित दर वेळी मध्ये गाई सोडून येतो."

"सगळ्यांना माहीत होतं?"

"जहाजातल्या सगळ्यांना. जहाजात कसली लपवाछपवी?"

"मग तिवारी कसा झाला? त्याने खोटं सांगितलं?"

नानीने शेंगा बाजूला ठेवल्या. "लाइनीत, मजुरांच्या चाळीत, सुखन म्हणून एक होता. तापाने गेला. फडावरचा सरदार म्हणाला, पुरा आणि कामाला लागा. कोणाला एक मंत्र येत नव्हता. बायका रडत होत्या ते मेल्याबद्दल नाही, तसाच पुरतात म्हणून. तेव्हा तुझा आजा पुढे झाला आणि म्हणायला लागला. जेवढं येत होतं तेवढं. दुसऱ्या दिवशी सरदारानेच हाक मारली, ए तिवारी, इकडे ये. त्याने नाव सांगितलंच नव्हतं. त्यांनी ठेवलं."

"आणि त्याने नाही म्हटलं नाही."

"म्हटलं असेल. ऐकतो कोण? लोकांना पंडित पाहिजे होता. पुढे तुमची ती सभा झाली, शहरातली शिकलेली माणसं आली, त्यांना तर पाहिजेच होता. मग एकदा फोटो लागला की माणसाला खाली उतरता येतं का?"

मग फुआचा जुना आवाज आला. "आणि तू हे आत्ता मला का सांगतेस? आमच्या बापाने तुमच्या बापाला बैल दिला नव्हता म्हणून?"

"बैल नाही, नांगर," नानी म्हणाली. "आणि तो राग अजून आहे. पण खोटं बोलायला नुसता राग पुरत नाही, अंगात जोर लागतो. तो गेला माझा."

परतीच्या बसमध्ये फुआ म्हणाली, "म्हातारी खोटं बोलत असेल."

"असेल."

"नांगराची गोष्ट खरी आहे. आमच्या बापाने दिला नव्हता." थोड्या वेळाने पुन्हा, "खोटं असतं तर तिने त्याला वाईट ठरवलं असतं ना? वाईट नाही ठरवलं." ती माझ्याशी बोलत नव्हती.

घरी न जाता ती थेट हॉलवर गेली. आचार्य पायरीवर बसून लोटा घासत होते. फुआने उभ्यानेच विचारलं, "तुमच्या गुरुकुलात गाई आहेत?"

"आहेत."

"सकाळी कधी सोडता?"

"पहाटेचा पाठ चालू असतो तेव्हा. का?"

फुआने तिथेच, रुळांकडे तोंड करून, हौऽऽ म्हटलं. वर्गात म्हणायची तसं नाही. जोरात, हाकलल्यासारखं. आचार्यांचा हात लोट्यावर थांबला. हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं.

"हसायचं काय त्यात?"

"मी लहानपणी गोठ्यात होतो, माताजी. तिथे आळीपाळीने सगळेच असतात. म्हणून हा स्वर ओळखीचा वाटत होता आणि जागा सापडत नव्हती. मी आपला वेदातच शोधत होतो."

फुआने त्यांना बतासी नानीचं सगळं सांगितलं. एकही गोष्ट गाळली नाही. मग म्हणाली, "माझं झालं. आता तुमचं सांगा. हॉल कशाला मोजता?"

"मोजत नाही. शब्द पुढेमागे फिरवून पाठ करायची एक पद्धत असते. पावलांबरोबर म्हटलं की चुकत नाही."

"आणि टेपा?"

आचार्यांनी मान खाली घातली. "तिकडे ऐकवायच्या आहेत. इथलं शिकवणं तुमच्याकडे ठेवायचं की आमचा माणूस नेमून हॉल संस्थेत घ्यायचा, ते बघायला मला पाठवलंय."

"म्हणजे बिंदेसरी अर्धा बरोबर होता."

"हो."

"पूर्ण चुकलेला माणूस परवडतो. अर्धा बरोबर असला की गावभर सांगत फिरतो."

आचार्य उठून उभे राहिले. "हे कोणाला सांगायची गरज नाही. दोन मंत्र मी तुम्हाला शिकवतो. तो स्वर हळूच काढून टाकू. तिकडेही मी काही बोलणार नाही. तिवारी तिवारीच राहतील."

ते मनापासून बोलत होते, असं मला आजही वाटतं. पण फुआने त्यांच्याकडे तुपाकडे बघायची तसं बघितलं. "फार गोड बोललात. आणि उद्यापासून ही गोष्ट तुमच्या मुठीत. तुम्ही आज चांगले असाल. उद्या कसे असाल, मला काय माहीत? त्यापेक्षा सगळ्यांच्याच हातात देते."

पुढच्या रविवारी हॉल गच्च भरला, कारण बिंदेसरीने बैठक लावली होती. आचार्यांना परत पाठवायचा ठराव त्याने पाठ करून आणला होता. तो उभा राहायच्या आत फुआ उभी राहिली आणि आजाच्या फोटोखाली जाऊन म्हणाली, "हा तिवारी नव्हता. अहीर होता. पाठशाळेत गाई राखायचा. मध्ये आपण हौऽऽ म्हणतो तो मंत्र नाही, गाई हाकायची हाक आहे. दोन मंत्र त्याला आलेच नाहीत, म्हणून मला नाहीत, म्हणून तुम्हाला नाहीत. आणि हे आचार्य आपला हॉल त्यांच्या संस्थेत घ्यायचा का ते बघायला आलेत. हे त्यांनीच मला सांगितलं. आता तुम्ही काय ते ठरवा."

आधी कोणाला समजेना कशावर चिडायचं. मागून कोणीतरी म्हणालं, "मग तिने लावलेली लग्नं?" मुनेसर नावाचा एक ऊसतोड्या उठून म्हणाला, "म्हणजे माझं लग्न लागलं की नाही?" त्याची बायको राजमती बसल्या जागेवरून म्हणाली, "एवढ्या वर्षांनी पळवाट सापडली होय? पोरं कोणाच्या गळ्यात बांधणार आहेस?" लोक हसले. मला वाटलं, निभावलं.

पण बिंदेसरी हसला नव्हता. ठराव विसरून तो पुढे आला. त्याच्या बापाला अग्नी दिला तेव्हा फुआच चितेपाशी होती. तो हळू आवाजात म्हणाला, "माझ्या बापाला तू गुरासारखं हाकललंस."

फुआ म्हणाली, "माझ्याकडे होतं ते दिलं. ते कमी होतं. मला माहीत नव्हतं, बिंदेसरी. संशय होता. विचारायला पाहिजे होतं, विचारलं नाही."

"तू? तू तर देवालाही विचारशील."

"त्यालाच विचारलं असतं. आजाला नाही विचारलं."

बिंदेसरी गेला. त्याच्या मागे आणखी काही घरं गेली. जे राहिले त्यांनी हॉल कोणाच्या संस्थेत द्यायचा नाही, एवढं ठरवलं. आचार्यांना राहू द्यायचं की नाही, यावर वाद होऊन शेवटी फुआच म्हणाली, "दोन मंत्र देईपर्यंत राहू दे त्याला. मग जहाज कुठे उभं केलंय ते दाखवू."

ती त्यांच्यासमोर शिकायला बसली तो दिवस मला आठवतो. पोरं अवघडून मागे सरकली होती. आचार्यांनी सुरुवात केली तर ती म्हणाली, "असं नाही. दाराबाहेर जा आणि तिथून म्हणा." आचार्य खरोखर उठले, बाहेर उन्हात उभे राहिले आणि म्हणायला लागले. चुकत नाहीत, अशी खात्री झाल्यावरच तिने त्यांना आत घेतलं. मग ती शिकली. पन्नाशी उलटलेल्या बाईला नवं पाठ व्हायला वेळ लागतो. चुकली की स्वतःवर चिडायची. पण तिसऱ्या मंत्रानंतर तोंडातून आपोआप हौऽऽ निघायचा, तेव्हा ती चिडत नसे. नुसती थांबायची आणि पुन्हा पहिल्यापासून म्हणायची. वर्गातून मात्र तिने तो स्वर काढून टाकला. काही म्हाताऱ्यांनी तो राहू दे म्हणून विनवलं. तिने ऐकलं नाही. "गाई घरी गेल्या," म्हणाली.

आचार्य गेले. त्यांनी तिकडे काय सांगितलं, टेपा ऐकवल्या की नाही, आम्हाला कधीच कळलं नाही. दुसरा कोणी आला नाही, हॉलवर पाटी लागली नाही. फुआचं म्हणणं, ऐकवल्या असणार, आणि ऐकून त्यांनीच नाद सोडला. मला वाटतं, माणूस शब्दाला जागला. पण माझ्याकडे पुरावा नाही, आणि पुराव्याशिवाय बोललेलं फुआला चालत नसे.

तिचं मोल मात्र उतरलं. लग्नं लंबासाच्या पंडिताकडे गेली. वर्गात निम्मी पोरं उरली. फोटो काढा, असं दोघातिघांनी सुचवलं. तिने तो काढला नाही, रंगाऱ्याकडून खालचं 'तिवारी' तेवढं पुसून घेतलं. नुसतं रामसमुझ राहिलं. हार मात्र ती रोज घालायला लागली, जो आधी फक्त रविवारी असायचा.

एक दिवस हॉलसमोर ट्रक येऊन थांबला. बिंदेसरी स्टिअरिंगवर बसून राहिला, इंजिनही बंद केलं नाही. शेजारच्या सीटवरून त्याची आई उतरली, काठी टेकत आत आली आणि फुआला म्हणाली, "माझ्या म्हाताऱ्याचे दोन राहिलेत ना? चल, म्हण."

"इथे?"

"जिथे जाळला तिथे."

आम्ही ट्रकच्या मागे चढलो. नदीवर, जिथे चिता रचतात त्या दगडांपाशी फुआ उभी राहिली आणि तिने ते सूक्त सबंध म्हटलं. म्हातारी काठीवर दोन्ही हात ठेवून ऐकत होती. झाल्यावर विचारलं, "आता काही उरलं?"

"मला माहीत आहे त्यातलं नाही," फुआ म्हणाली.

बिंदेसरी खाली उतरला नाही. पण त्याने इंजिन बंद केलं होतं, हे मी पाहिलं. सभेत तो पुन्हा कधी आला नाही.

त्या वर्षाच्या शेवटी बतासी नानीचा मुलगा निरोप घेऊन आला. नातुआच्या बाजूला शिकवणारं कोणी नाही, आई म्हणते तुम्ही या. फुआने त्याला दोनदा विचारलं, यात तुझा काय फायदा? त्याला काही सांगता आलं नाही, तेव्हा ती तयार झाली. शनिवारी बसने जायची, नानीच्या व्हरांड्यात वर्ग घ्यायची. पहिल्या दिवशी मीही गेले होते. चटया टाकल्या होत्या, पोरांबरोबर त्यांचे आईबापही आले होते, हात बांधून उभे. आमच्याकडच्या गोष्टी डोंगर ओलांडून आधीच पोचल्या होत्या. एका बापाने सरळ विचारलं, "तुम्ही तिवारी का?"

"नाही. अहीर."

"मग वेद कुठून शिकलात?"

"एका सूक्तातले चार मंत्र आजाकडून, दोन हिंदुस्थानातल्या एका माणसाकडून. बाकीचं किती आजाचं बरोबर आहे, ते अजून तपासते आहे. बसायचं तर बसा."

दोन जण आपल्या पोरांना घेऊन निघून गेले. बाकीचे थोडा वेळ एकमेकांकडे बघत राहिले. मग तो विचारणारा माणूसच पुढे आला, त्याने चटईची कड झटकून बघितली, खाली मुंग्या नाहीत ना म्हणून, आणि पोरीला घेऊन बसला. फुआने त्याच्याकडे बघून मान हलवली आणि नानीला म्हणाली, "हा शिकेल."